पाणी कुठे मुरतं

ओडाली व्हर्डिन दार उघडते आणि आधी वासाची माफी मागते.
लुईझियानातलं ह्यूमा गाव, ऑगस्ट,
हवा ओल्या टॉवेलसारखी मानेवर पडलेली,
कुणाच्या घरात वास नसतो?
राहू द्या, मी म्हणतो. मला वासाचेच पैसे मिळतात.

कपडे धुण्याचं मशीन पुढे ओढलेलं.
मागे बुरशी:
वर सुटे ठिपके, मोहरीएवढे,
खाली एकमेकांत शिरलेले,
जमिनीलगत तर अख्खा काळा मुलूख,
कडेला हिरवट लव, हात फिरवावासा वाटेल अशी.
मी यंत्राच्या सुया भिंतीत टोचतो.
आकडा मोठ्यानं वाचत नाही.

पॉलिसी, पान एकोणतीस.
अचानक, अपघातानं आलेलं पाणी: भरपाई.
आठवड्यांमागून आठवडे झिरपलेलं: नाही.
बुरशी काढायला, मान्य झालंच तर, पाच हजार डॉलर,
वर एक सेंट नाही.
म्हणजे प्रश्न एकच.
बावीस वर्षं मी तो लोकांच्या स्वयंपाकघरांत
टोपी हातात घेऊन विचारत आलोय:
कधीपासून?

"मंगळवारी. फट्‌ असा आवाज झाला," ती सांगते,
"मी भेंड्या चिरत होते."
फुटलेली नळी तिनं बिस्किटांच्या डब्यात ठेवलीय,
टिश्यूत गुंडाळून, एखादा दात ठेवावा तशी.
चीर ताजी आहे.
मी लिहितो, ताजी.

इस्माएल प्लास्टिकचा पडदा लावतो, मुखवटा चढवतो,
भिंतीचा चौकोन कापून काढतो.
आत लाकडी खांब, भिजून काळवंडलेला,
आणि त्यावर पेन्सिलीची अक्षरं.
फ्रेंच. इथल्या जुन्या लोकांची, कानानं लिहिलेली.
मला फक्त आकडे वाचता येतात.

ओडाली चष्मा शोधते. तो डोक्यावरच असतो.
"क्लोव्हिसचं अक्षर," म्हणते,
आणि आम्ही थांबवायच्या आत
पडद्याच्या आत.

"तीन मार्च. घट्ट केला. ठीक."
"अकरा जून. परत घट्ट केला. ओडालीला सांगायचं नाही."
इथं ती हसते, नाकातून, तोंडावर पदर धरावा तसा रुमाल धरून.
"ऑक्टोबर. पट्टी गुंडाळली. ओडालीला सांगायचं नाही."
"नाताळ. थेंब थेंब. वसंतात नवा पाईप टाकू."

वसंत आला होता.
क्लोव्हिस फेब्रुवारीत गेला.

आमच्या धंद्यात शिकवतात,
माणसं बोलतात एक, पाणी मुरतं दुसरीकडेच.
इथं पाणी मुरत होतं
ते एका नवऱ्याच्या काळजीत,
किंवा आळसात, मला कसं कळणार,
दोन्हींना कलम एकच लागतं.

"तुम्हाला फोटो काढावा लागेल ना," ओडाली विचारते.
हो.
"काढा."
आणि ती आपला तळवा खांबावर ठेवते,
नेमका तारखांवर.
लपवल्यासारखा नाही. ताप आलाय का बघावं, तसा.
मी थांबतो. ती हात काढत नाही.
मी थोडा आणखी थांबतो.

फोटो क्रमांक चौदा:
ओलं लाकूड, एका म्हातारीचा हात, शिरा वर आलेल्या,
अंगठ्याशेजारी एक अक्षर, बहुतेक 'ओ'.

बॅटन रूजच्या ऑफिसातून विचारतील, हे काय आहे.

गाडीत एसी चालू करून मी फॉर्म मांडीवर घेतो.
नाव. पत्ता. ओलाव्याचा आकडा.
'कधीपासून' च्या चौकटीवर पेन टेकतो
आणि शाई फुटते, लहानसा निळा ठिपका,
कागदातल्या कागदात पसरत जातो.

खिडकीवर टकटक. इस्माएल.
मुखवटा कपाळावर, हातात घासण्याचं यंत्र, वायर मागे दारापर्यंत.
"खांब स्वच्छ करायचाय," तो म्हणतो.
"ती बाई तिथंच उभी आहे.
घासू, की राहू दे?"